दुसऱ्या हाताची प्लेट

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर जंतूंची प्रयोगशाळा होती आणि तिच्या दाराबाहेर एक लांब बाक होतं. शाळा सुटली की एक मुलगी दप्तरासकट त्या बाकावर येऊन बसायची. तिसरीतली. बोलत नसली की नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत असायची, म्हणून घरात तिला भुंगी म्हणत. तिची आई वर आयसीयूत होती. बाबा आयसीयूच्या बाहेर असायचे. मावशी या दारामागे काम करायची. आयसीयूत लहान मुलांना सोडत नाहीत आणि घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हे बाक.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला कामाला लावायचं ते तिनेच. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय तिला चैन पडत नसे, मग विचारणारा केवढाही असो.

“आज काय केलंस?” भुंगी विचारायची.

“आज जंतूंना जेवायला वाढलं.”

“आणि मग?”

“मग त्यांच्या जेवणात औषध घातलं.”

“दुष्ट आहेस.”

“त्याचाच पगार देतात मला.”

दाराला एक काच होती. बाकावर उभं राहिलं की भुंगीचं नाक काचेला लागायचं. आतलं काम तिला आता पाठ झालं होतं. झाकणाची एक उथळ गोल प्लेट असते. तिच्यात जेलीसारखं खाद्य थापलेलं असतं. रोग्याच्या रक्तातून वाढवलेले जंतू पाण्यात कालवून, कापसाच्या बोळ्याने त्या खाद्यावर सगळीकडे सारवायचे. वर औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी प्लेटवर दुधावर साय धरावी तसा जंतूंचा थर आलेला असतो. एखाद्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ राहिलं असेल तर ते औषध जंतूंना मारतंय. थर थेट चकतीला येऊन चिकटला असेल तर मारत नाहीये. काम एवढंच, पण त्यात घाई चालत नाही.

भुंगीच्या आईचं पोटाचं ऑपरेशन साधं होतं. ते नीटही झालं होतं. जखमेत जंतू शिरले ते नंतर, वॉर्डात. पहिले काही दिवस ती बोलत होती. “ताई,” ती मावशीला म्हणाली होती, “लहानपणी मी तुझी पेन्सिल मोडली म्हणून आता तुझे जंतू सोडलेस होय माझ्यावर?”

“माझे असते तर शिस्तीचे असते,” मावशी म्हणाली होती.

मग जंतू रक्तात गेले, आणि बोलणं थांबलं.

तिच्या रक्तातले जंतू मावशीच्या ओळखीचे होते. ते बाहेर रस्त्यावर फारसे सापडत नाहीत. ते हॉस्पिटलातच लहानाचे मोठे झालेले असतात. नळाच्या तोटीत, मोरीत, खाटेच्या कठड्यावर. येईल त्या औषधातून जे वाचले त्यांचीच ही पिल्लं, आणि पिल्लांची पिल्लं. त्यांच्या प्लेटवर दहा चकत्या ठेवा नाहीतर वीस ठेवा, वर्तुळ एकाही चकतीभोवती दिसत नसे. एका जुन्या औषधाने ते थोडेफार दबायचे. पण ते औषध जंतूंइतकंच मूत्रपिंडांनाही खायचं. आयसीयूच्या डॉक्टर तेच देत होत्या आणि रोज लघवीचं माप बघून कपाळाला आठी घालत होत्या.

आणि एक नवं औषध होतं. ते अजून बाजारात आलेलं नव्हतं. त्याला नावही नव्हतं, नुसता एक आकडा होता. काही हॉस्पिटलं आपापल्याकडच्या हट्टी जंतूंवर ते तपासून बघत होती. त्यांत हे एक. फारच अडलेल्या रोग्याला ते देता येत असे, पण आधी प्लेटवर वर्तुळ दिसलं तरच. भुंगीच्या आईसाठी परवानगीचे सगळे सोपस्कार झाले होते. प्लेट लावायची राहिली होती.

या कामाचे प्रयोगशाळेत दोन दंडक होते. पहिला कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. आपल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दुसरा लिहिलेला होता. नव्या औषधाचा निकाल एका हाताचा धरायचा नाही. दुसऱ्या माणसाने पहिल्यापासून सगळं पुन्हा करायचं, दोन्ही प्लेटी जुळल्या तरच वर कळवायचं.

दुसरा हात म्हणजे मावशीचा सहकारी. प्रत्येक गोष्टीवर मुद्दा काढायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. नमुना खाली आला त्या दिवशी वकील दाढ काढायला गेला होता. विभागाचे सर म्हणाले, “उद्या येईल तो. उद्या लावू.”

“उद्या नको, सर. मी लावते.”

सरांनी चष्मा काढला. “तुमची बहीण आहे ती.”

“म्हणूनच उद्या नको.”

सर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, आणि मीटिंगला निघून गेले.

मावशीने नमुना लावला. तिचे हात सवयीने चालत होते. जंतू पाण्यात किती कालवायचे याचं एक माप असतं. ते मोजणारं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून जुनी पद्धत. एका बंद नळीत पांढुरकं पाणी भरून ठेवलेलं असतं. आपल्या नळीतलं पाणी तितकंच गढूळ होईपर्यंत जंतू कालवायचे. मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा आणि दोन्ही नळ्यांतून रेघा सारख्याच पुसट दिसल्या की थांबायचं. तिने दोन्ही नळ्या शेजारी धरल्या, पाहिलं, कालवलं, सारवलं. मधेच काचेतून भुंगीने हात हलवला. तिनेही हलवला.

दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरली आणि तिला आधी खरंच वाटेना. आकड्याच्या चकतीभोवती वर्तुळ होतं. मोठं, स्वच्छ, काठ अगदी रेखीव. तिने पट्टी लावून मोजलं, आणि पुन्हा मोजलं.

सोबत दुसरी एक प्लेट असते. तिच्यावर साधेभोळे, ओळखीचे जंतू लावतात. तिथे चकतीभोवती वर्तुळ केवढं यायला हवं ते ठरलेलं असतं, म्हणजे आपलं काम बरोबर झालं की नाही ते कळतं. त्या प्लेटवरचं वर्तुळ ठरल्यापेक्षा थोडं मोठं होतं. मावशीने ते पाहिलं. थोडंच आहे, ती मनात म्हणाली. आणि वर्तुळ मोठं म्हणजे औषध ताजं, असंही म्हणाली. एखाद्या शिकाऊ मुलीने असं म्हटलं असतं तर तिची काही खैर नव्हती.

तिने फोन उचलला आणि आयसीयूत डॉक्टरांना सांगितलं.

“दुसऱ्या हाताचं झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आज लावतोय. पण वर्तुळ इतकं मोठं आहे की त्यात काही वाद नाही.”

“मूत्रपिंडं बसत चाललीत तिची,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणत असाल तर जुनं बंद करते आणि नवं सुरू करते. तुम्ही म्हणताय ना?”

“म्हणतेय.”

मग तिने टेप लावून बंद केलेली ती प्लेट दाराच्या काचेला आतून टेकवून धरली. भुंगी बाकावर चढली. गुणगुणणं थांबलं. तिने बोटाने काचेवर वर्तुळ गिरवलं. मावशी हातमोजे काढून, हात धुऊन बाहेर आली.

“मेले?”

“त्या वर्तुळातले सगळे.”

“म्हणजे आई घरी येणार?”

मावशीने मुलांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. आत्ताही तिला ते खोटं वाटलं नाही. “येणार,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी भुंगीचे बाबा कितीतरी दिवसांनी दाढी करून आले. मावशी त्यांना चिडवायला जावईबुवा म्हणायची, ते मधे बंद झालं होतं. “काय जावईबुवा, ओळखूच येत नाही,” ती म्हणाली. ते हसले, आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

वकिलाने आपली प्लेट लावली होती. सकाळी तो ती घेऊन मावशीच्या टेबलाशी आला. गाल अजून सुजलेला होता.

“ताई, हे बघा.”

तिने पाहिलं. साईचा थर थेट चकतीपर्यंत आलेला होता. वर्तुळ नव्हतं. चकती जंतूंत बुडून गेल्यासारखी दिसत होती.

“तू दाट कालवलं असशील.”

“मापाने कालवलं.”

“कुठल्या मापाने? यंत्र तर नाहीये.”

“नळीनेच. तुम्ही शिकवलं तसं.”

“चकती जुनी असेल.”

“तुमच्याच बाटलीतली आहे.”

“दाढदुखीत काम केलंस. धड दिसत तरी होतं का?”

“दाढेने बघत नाही मी.” एरवी तो यावर हसला असता. “ताई, तुमची भोळी प्लेट कुठाय?”

त्याने स्वतःच जाऊन शोधली, पट्टी लावली, आणि पट्टी तशीच तिच्यापुढे धरली. “हे जास्त आहे.”

“थोडं.”

“थोडं म्हणजे किती, असं तुम्हीच विचारता आम्हाला.”

“लाव परत,” ती म्हणाली. “माझ्यासमोर लाव. बघू दे कसं करतोस.”

वकिलाने सगळं मांडलं. मग मापाची नळी स्टँडमधून उचलली. स्टँडमध्ये ती रात्रभर उभी होती. वरचं पाणी जवळजवळ निवळ होतं आणि सगळा पांढरा गाळ तळाला बसला होता. त्याने सवयीने नळी खालीवर केली, जोरात, पाच-सहा वेळा. गाळ उठला आणि पाणी पुन्हा दुधाळ झालं. मग त्याने तिच्यामागे रेघांचा कागद धरला.

मावशी त्याच्या हाताकडे बघत राहिली. दर वर्षी येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलाला ती पहिल्या दिवशी हेच सांगायची. आधी नळी हलवा, नाहीतर निवळ पाण्याशी माप जुळवाल आणि जंतू कमी कालवाल. तिने त्या दिवशी नळी उचलली होती. हलवली होती का? ती आठवायला लागली आणि तिला भुंगीचा काचेपलीकडचा हात आठवला. नळी हलवल्याचं काही आठवेना.

“ताई?”

“मी हलवली नाही,” ती म्हणाली.

वकिलाने नळी खाली ठेवली.

जे झालं होतं ते समजायला अवघड नाही. या जंतूंना औषध फोडायची कला येते. प्रत्येक जंतू एक रस सोडतो आणि तो रस औषधाचे तुकडे करतो. जंतू थोडे असतील तर रस पुरत नाही, औषध त्यांना गाठतं आणि मारतं. पुरेसे असतील तर सगळ्यांचा मिळून रस इतका होतो की औषधाचंच काही उरत नाही. मावशीच्या प्लेटवर जंतू थोडे होते. भुंगीच्या आईच्या रक्तात आणि पोटात ते थोडे नव्हते.

सर आले, दोन्ही प्लेटी उजेडात धरून पाहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “वर कळवलंय तुम्ही?” एवढंच विचारलं.

“कळवलंय.”

“मग आता हेही तुम्हीच कळवा. फोनवर नको. वर जा.”

वर डॉक्टरांनी सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. त्या वयाने मावशीपेक्षा लहान होत्या आणि रात्रपाळी करून थकलेल्या होत्या. “तरीच,” त्या म्हणाल्या. “कालपासून ताप वाढतोय. रक्तदाब धरत नाहीये. मी म्हटलं, नवं औषध आहे, वेळ घेईल.” त्यांनी जुनं औषध पुन्हा सुरू करायला सांगितलं. मग मावशीकडे वळल्या. “मूत्रपिंडांनी हात टेकलेत. यंत्रावर घेते आहे. पण तुम्हाला खोटं कशाला सांगू.”

“जुनं थांबवलं नसतं तर?”

“ते कुणालाच सांगता येणार नाही.”

“तुम्हाला काय वाटतं?”

डॉक्टर खिशातलं पेन काढून परत ठेवत राहिल्या. “वेळ मिळाला असता,” त्या म्हणाल्या. “किती, ते नाही माहीत.”

भुंगीचे बाबा बाहेर खुर्चीवर होते. मावशी त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांना सांगितलं. नळीचं, फोनचं, सगळं. ते शेवटी म्हणाले, “ताई, मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच सांगा, दुसरं काही औषध आहे का?”

“नाही.”

“कुठेच? बाहेरून मागवलं तर?”

“मागवायला कुठे काही असायला हवं. नाहीये.”

“तुम्ही रोज एवढी औषधं तपासता.”

“तपासतो. पण लागू पडत नाहीत.”

ते उठले, जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसले. तिच्यावर ओरडले नाहीत. पण नंतर तिने पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा ती त्यांनी घेतली नाही.

दुपार होता होता डॉक्टर पुन्हा बाहेर आल्या. “मुलगी कुठे आहे?” त्यांनी विचारलं. “तिला आणायचं असेल तर आणा. मी सोडते आत.”

इतके दिवस मुलीला आत सोडा म्हणून बाबांनी विनवण्या केल्या होत्या. आता कुणी विनवलं नव्हतं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. बाबा शाळेतून तिला घेऊन आले.

आयसीयूच्या दाराआधी एक छोटी खोली होती. बेसिन, साबण, गाऊन, मास्क. बाबा तयार होऊन पुढे गेले. मावशी भुंगीला तयार करत होती. सगळ्यात लहान गाऊनसुद्धा तिच्या पायांखाली येत होता. मावशी गुडघ्यावर बसून खालची कड दुमडायला लागली.

“परवा सोडत नव्हते,” भुंगी म्हणाली. “आज का सोडतात?”

मावशी कड दुमडत राहिली.

“आई बरी झाली म्हणून?”

“नाही.”

“पण वर्तुळ आलं होतं.”

“ते चुकीचं होतं. मी चुकले. जंतू कमी घातले गेले माझ्याकडून, म्हणून वर्तुळ आलं. वकीलकाकाने बरोबर घातले तर नाही आलं.”

“मग परत कर.”

“केलं.”

“अजून एकदा कर. नीट कर.”

“नीट केलं की येत नाही, राणी. येत होतं ते नीट केलं नव्हतं म्हणून.”

भुंगी विचार करत होती. शाळेत गणित अडलं की तिच्या खालच्या ओठाला असाच बाक यायचा. “पण तू म्हणालीस येणार.”

“हो. म्हणाले.”

“आता काय म्हणतेस?”

मावशीने आतापर्यंत शंभर मुलांना शंभर गोष्टी समजावल्या होत्या. प्रत्येक गोष्टीचा एक सोपा तुकडा असतो, आधी तो द्यायचा, मग पुढचा. इथे तिला सोपा तुकडा सापडेना. “नाही येणार,” ती म्हणाली. “बहुतेक नाही.”

भुंगी रडली नाही. तिने बेसिनकडे पाहिलं. “मग हात कशाला धुवायचे? जंतू तर आत गेलेच आहेत ना.”

“शेजारच्या खाटेवर एक आजी आहेत. त्यांच्यासाठी.”

भुंगीने मग बाही वर केली. मावशीने तिचे हात धुतले, तळवे, मग मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं. हातमोजे फारच मोठे होते, बोटांच्या टोकांना रिकामे लोंबत होते. “आता हात असे पुढे धरायचे,” मावशी म्हणाली. “मधे कशालाही लावायचे नाहीत. दाराला नाही, पडद्याला नाही, तोंडाला तर नाहीच.”

“माहितीये.”

आत एका वेळी दोघांनाच सोडत. आज त्यांना कुणी मोजलं नाही. खाटेवर भुंगीची आई होती, पण चेहरा सुजल्यामुळे ती कुणीतरी दुसरीच वाटत होती. तोंडात नळी, मानेत नळी, शेजारी रक्त धुणारं यंत्र घरघरत होतं. बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला होता. चादरीवर तिचा एक हात मोकळा होता, पालथा.

भुंगी खाटेपासून हातभर अंतरावर थांबली. सांगितलं होतं तसे दोन्ही हात पुढे धरलेले होते, मोज्यांची रिकामी टोकं खाली वाकलेली. पडदा सरकून अंगाला लागायला आला तशी ती बाजूला झाली. बाबा म्हणाले, “ये ना, जवळ ये. आईचा हात धर.” ती हलली नाही. तिचे खांदे दुखायला लागले असणार, पण तिने हात खाली घेतले नाहीत.

मग तिने मान वळवून मावशीकडे पाहिलं. “मी हात लावला,” तिने मास्कमधून हळूच विचारलं, “तर तिला जास्त होईल?”

“नाही,” मावशी म्हणाली. “आता नाही.”